पोस्टबायोटिक
निर्जीव केलेले सूक्ष्मजीव किंवा त्यांचे घटक असलेला आणि यजमानाच्या (ज्याच्या शरीरात ते जातात त्याच्या) आरोग्यास लाभदायक ठरणारा सिद्ध पदार्थ. ही व्याख्या प्रोबायोटिक (आरोग्यास लाभदायक जिवंत सूक्ष्मजीव) व प्रीबायोटिक (अशा सूक्ष्मजीवांचे खाद्य ठरणारी द्रव्ये) यांविषयीच्या आंतरराष्ट्रीय वैज्ञानिक संघटनेने २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. प्रोबायोटिकातील सूक्ष्मजीव मात्र जिवंत आणि पुरेशा मात्रेत असावे लागतात.

संज्ञेबाबत मतभेद आहेत. २०२१ पूर्वी अनेक लेखक जिवाणूंनी स्रवलेल्या द्रव्यांना, उदा., ब्युटिरेटासारख्या लघुशृंखल मेदाम्लांना पोस्टबायोटिक म्हणत, तर मृत पेशींसाठी ‘पॅराप्रोबायोटिक’ हा वेगळा शब्द होता. नव्या व्याख्येने पेशींना मध्यवर्ती स्थान दिले व शुद्ध केलेली चयापचयजन्य द्रव्ये वगळली. त्यावर काही संशोधकांनी लगेच हरकत घेतली. तथापि ब्युटिरेटाला स्वतःचे रासायनिक नाव असताना दुसऱ्या नावाची गरज नाही, हा संघटनेचा युक्तिवाद अधिक ग्राह्य वाटतो. या व्याख्येनुसार सूक्ष्मजीवाचे मूळ वाण (विशिष्ट उपप्रकार), निर्जीव करण्याची पद्धत आणि लाभाचा पुरावा ही तिन्ही ज्ञात असावी लागतात. कढीला उकळी आली की ताकातले बहुतेक जिवाणू मरतात, तरी घरची कढी पोस्टबायोटिक ठरत नाही. विरजणात कोणती वाणे होती हेच ठाऊक नसते.

कल्पना मात्र जुनी असावी. उष्णतेने मारलेल्या लॅक्टोबॅसिलसची अतिसारावरील औषधे फ्रान्समध्ये दीर्घकाळ वापरात आहेत.

मृत पेशी आतड्यात वाढत नाहीत, तेथे नव्याने आम्ल तयार करत नाहीत. पण पेशीभित्तिकेतील पेप्टिडोग्लायकन, टायकोइक आम्ले इ. रेणू शाबूत राहिल्यास प्रतिकारपेशींचे ग्राही (पृष्ठभागावरील संवेदक रेणू) ते ओळखतात. जर्मनीतील ४४३ रुग्णांच्या चाचणीत (२०२०) क्षोभी आतड्याच्या विकारात उष्णतेने मारलेले बिफिडोबॅक्टेरियम बिफिडम घेणाऱ्यांपैकी ३४ टक्क्यांना ठरवलेल्या निकषाइतका आराम पडला. छद्मौषध (औषधी घटक नसलेली नकली मात्रा) घेणाऱ्या गटात हे प्रमाण १९ टक्के होते. जिवंत व मृत रूपांची एकाच चाचणीत तुलना क्वचितच आढळते. बेल्जियममध्ये ॲकरमॅन्सिया म्युसिनिफिला या आतड्यातील जिवाणूवर ती झाली (२०१९). लठ्ठ वा अतिवजनी स्वयंसेवकांना तीन महिने हा जिवाणू दिला असता पाश्चरीकृत (सौम्य उष्णतेने मारलेल्या) रूपाने इन्शुलिनसंवेदनशीलता (इन्शुलिनला शरीराचा प्रतिसाद) सुधारली; जिवंत रूपाचा परिणाम तितका स्पष्ट नव्हता. चाचणी पूर्ण करणारे अवघे ३२ होते, त्यामुळे यावरून सर्वसाधारण नियम काढणे घाईचे होईल. जिवंत वाणांच्या बाजूनेही भक्कम पुरावा आहे : ओडिशातील सु. ४,५०० नवजातांच्या चाचणीत (२०१७) लॅक्टोबॅसिलस प्लँटॅरम व फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड (एक प्रीबायोटिक शर्करा) यांच्या मिश्रणाने जंतुदोष व मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण सु. ४० टक्क्यांनी घटले.

पोस्टबायोटिकाचा निर्विवाद लाभ सुरक्षिततेत व साठवणीत आहे. अकाली जन्मलेल्या किंवा प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या रुग्णांत प्रोबायोटिकातील जिवाणू क्वचित रक्तात शिरतात; मृत पेशींमुळे असा संसर्ग संभवत नाही. शीतसाखळीचीही फारशी गरज पडत नाही. मात्र मोजणी अवघड होते. जिवंत जिवाणू पात्रात वाढवून त्यांच्या वसाहती मोजता येतात. मृत पेशी वाढत नसल्याने त्यांची मात्रा प्रवाह-पेशीमापनासारख्या (द्रवप्रवाहातून जाणाऱ्या पेशी प्रकाशाच्या साहाय्याने एकेक मोजण्याच्या) पद्धतींनी ठरवावी लागते.