दीड टन म्हणजे किती किलो?

दीड टनाचा एसी टांगला तर भिंत पेलेल का, हा विनोद आता जुना झाला. भिंतीवरचा भाग असतो दहा-बारा किलोचा, बाहेरचा तीसेक किलोचा. पण मग हा टन नेमका कशाचा, असं विचारलं की दुकानदार ‘कूलिंगचा’ म्हणून मोकळा होतो. खरं तर हा टन बर्फाचा आहे आणि त्याच्यामागचा ‘दिवसाला’ हा शब्द बोलता बोलता गळून पडला आहे.

साखर कारखान्यांच्या पट्ट्यातल्या माणसाला हे पटकन कळेल. ‘अडीच हजार टनी कारखाना’ म्हणताना कारखान्याचं वजन कुणाच्या मनात येत नाही, गोदामातली साखरही नाही. चोवीस तासांत किती ऊस गाळला जातो, त्याचा तो आकडा. एसीचा टनही असाच वेग सांगतो.

टन हा शब्द मुळातच बहुरूपी. इंग्रजीत तो दारूच्या मोठ्या पिंपावरून आला. जहाजात अशी किती पिंपं मावतील यावर जहाज मोजलं जाई, म्हणून जहाजाचं ‘ग्रॉस टनेज’ आजही वजन सांगत नाही, बंदिस्त जागेचं आकारमान सांगतं. ब्रिटिश टन १,०१६ किलोचा, अमेरिकी ९०७ किलोचा, आपला मेट्रिक टन १,००० किलोचा. अणुबॉम्बच्या बातम्यांतला टीएनटी या स्फोटकाचा टन तर सरळ ऊर्जेचं एकक आहे.

एसीतला टन अमेरिकी. शीतयंत्रं येण्याआधी गारवा विकत मिळे तो बर्फाच्या रूपात. बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने १८३३ साली तिकडच्या गोठलेल्या पाण्यातून कापलेला बर्फ जहाजाने कोलकात्याला पाठवला. पुढच्या वर्षी तो मुंबईतही उतरला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यंत्रं बाजारात आली, तेव्हा गिऱ्हाइकाला एवढंच हवं होतं: रोजचा किती टन बर्फ वाचेल ते सांगा.

आता हिशेब. शून्य अंशावरचा एक पौंड बर्फ वितळून शून्य अंशाचंच पाणी व्हायला १४४ बीटीयू (ब्रिटिश थर्मल युनिट, उष्णतेचं जुनं एकक) उष्णता लागते. अमेरिकी टनात २,००० पौंड, म्हणजे २,८८,००० बीटीयू. याला २४ तासांनी भागा: तासाला बरोबर १२,००० बीटीयू. आजच्या भाषेत ३,५१७ वॅट. एक टनाचा एसी पूर्ण क्षमतेने चालतो, तेव्हा दर तासाला सुमारे ३८ किलो बर्फ वितळवू शकेल एवढी उष्णता तो खोलीतून बाहेर टाकत असतो.

गंमत आहे ती त्या १४४ मध्ये. उष्णता देत राहिलो तरी वितळणाऱ्या बर्फाचं तापमान शून्यावरून हलत नाही. बर्फात पाण्याचे रेणू एकमेकांना धरून ठरावीक चौकटीत बसलेले असतात. मिळालेली सगळी उष्णता ही चौकट मोडण्यात खर्ची पडते, रेणूंची धावपळ वाढवण्यात नाही. हीच सुप्त उष्णता, किलोला ३३४ किलोज्यूल. तेवढ्याच उष्णतेत शून्य अंशाचं एक लिटर पाणी ८० अंशांपर्यंत तापेल!

याच आकड्याने ‘बर्फ घाला, एसीची हवा मिळवा’ छापाच्या डबीएवढ्या कूलरची जाहिरात तपासता येते. एक किलो बर्फ पूर्ण वितळला, तर त्याचं काम एक टनाच्या एसीच्या ९५ सेकंदांच्या कामाएवढं. वर, पाण्याची वाफ होऊन जो गारवा वाटतो त्यात खोलीतला दमटपणा वाढतो तो वेगळाच.

३,५१७ वॅट हा विजेचा आकडा नव्हे. एसी थंडी तयार करत नाही, आतली उष्णता उचलून बाहेर नेतो. या हमालीला लागणारी वीज वाहून नेलेल्या उष्णतेच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढी किंवा त्याहून कमी असते. स्टार लेबलवरचा ‘आयएसईईआर’ हेच गुणोत्तर हंगामाच्या सरासरीने सांगतो.

मग मोठ्या टनाचा घेतलेला बरा, असं वाटतं. इथेच चूक होते, विशेषतः मुंबई-कोकणात. एसीला दोन कामं असतात: हवा गार करणं आणि तिच्यातली वाफ थंड कॉइलवर पाणी करून काढणं. एक लिटर पाणी काढायला साधारण २,४५० किलोज्यूल उष्णता उचलावी लागते, म्हणजे एक टनाच्या यंत्राची जवळजवळ १२ मिनिटं. खोलीला लागतो त्यापेक्षा मोठा एसी हवा पटकन गार करतो आणि कॉम्प्रेसर बंद पडतो. पंखा मात्र फिरत राहतो आणि ओल्या कॉइलवरचं, अजून नळीपर्यंत न पोचलेलं पाणी वाफ होऊन पुन्हा खोलीत येतं. परिणामी २४ अंशांवरही चिकचिक. मग रिमोटवर १८ करायचं, गारठायचं आणि वीज घालवायची. इन्व्हर्टर एसी कॉम्प्रेसर बंद न करता त्याचा वेग कमी करून हे बरंच टाळतो, पण त्याच्याही वेगाला खालची मर्यादा असते.

दुकानातलं ‘१०० ते १२० चौरस फुटांना एक टन’ हे गणित सुरुवातीपुरतं ठीक. वर तापलेला स्लॅब, पश्चिमेची काच, उघडं स्वयंपाकघर यांनी ते बदलतं. बसलेला प्रत्येक माणूस सुमारे १०० वॅट उष्णता सोडतो. खरेदी करताना टनाकडे न बघता लेबलवरची वॅटमधली क्षमता वाचावी. दीड टन म्हणजे काटेकोरपणे ५,२७५ वॅट, पण ‘दीड टनी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक एसींवर आकडा ५,००० च्या आसपास, कधी त्याहूनही कमी दिसतो. शिवाय हा आकडा बाहेर ३५ अंश असताना मोजलेला असतो. नागपूर-चंद्रपूरला मे महिन्यात पारा ४५ ला टेकला की बाहेरच्या युनिटला तापलेल्या हवेतच उष्णता सोडावी लागते; क्षमता घटते आणि वीज वाढते. तिथे थोडा जास्त टन घेण्यात शहाणपण आहे. बाहेरचं युनिट भर उन्हात किंवा दोन भिंतींच्या सापटीत कोंबलं असेल, तर आपण सोडलेली गरम हवाच ते पुन्हा ओढतं, आणि मग दोन टनांचा एसीही पुरत नाही.