अवकाश-खेळात अंतर मोजायचं कशात?

अवकाशातल्या डावपेचांच्या व्हिडिओ गेममध्ये किलोमीटर फार काळ तग धरत नाही. पृथ्वी ते सूर्य हेच अंतर सुमारे १४ कोटी ९६ लाख किलोमीटर आहे. याला एक खगोलीय एकक म्हणतात. नेपच्यून सूर्यापासून अशा ३० एककांवर आहे, म्हणजे ग्रहमालेपुरतं हे माप सोयीचं. पण एका एककाला पडद्यावर एक पिक्सेल दिला, तर सूर्याला सर्वांत जवळचा तारा, प्रॉक्झिमा सेंटॉरी, जवळपास २ लाख ६८ हजार पिक्सेल लांब जातो. १९२० पिक्सेल रुंदीचे १४० पडदे ओळीने लावले तरच तो दिसेल! म्हणून अनेक खेळांत ताऱ्यांचा नकाशा वेगळा असतो आणि तिथे प्रकाशवर्षं किंवा पार्सेक (३.२६ प्रकाशवर्षं) वापरतात.

डावपेचांसाठी मला प्रकाश-मिनिट (प्रकाश एका मिनिटात कापतो ते अंतर) हे माप सर्वांत मोलाचं वाटतं. मंगळ पृथ्वीपासून ३ ते २२ प्रकाश-मिनिटांवर असतो. हा आकडा अंतर तर सांगतोच, शिवाय तुमचा हुकूम तिथल्या ताफ्याला किती उशिरा मिळेल हेही सांगतो. शत्रूचं जहाज २० प्रकाश-मिनिटांवर दिसत असेल, तर दिसते ती त्याची २० मिनिटांपूर्वीची जागा. आता ते कुठे असेल, याचा अंदाज बांधूनच चाल खेळावी लागते. खेळाडूला सगळं त्याच क्षणी दाखवणारे खेळ ही सगळी गंमत घालवून बसतात.

जहाजाचा प्रवास मात्र यापैकी कोणत्याच मापात नीट मावत नाही. पृथ्वीलगतच्या कक्षेतून चंद्राकडे निघायला वेग सेकंदाला सुमारे ३.१ किलोमीटरने वाढवावा लागतो. मंगळ अगदी जवळ आला तरी चंद्राच्या जवळजवळ दीडशेपट लांब असतो, पण त्याच्याकडे निघायला सुमारे ३.६ किलोमीटर पुरतात! कारण बहुतेक वाट इंजिन बंद ठेवून, सूर्याच्या गुरुत्वाकर्षणाखाली नुसतं वाहत कापायची असते. वेगातल्या या बदलाला डेल्टा-व्ही म्हणतात. टाकीत किती इंधन हवं ते त्यावरून ठरतं. त्यामुळे ग्रहमालेतल्या खेळाचा खरा नकाशा डेल्टा-व्हीचा असायला हवा, आणि त्यावर तारखाही हव्यात: इतक्या स्वस्तात मंगळाकडे निघण्याची संधी साधारण २६ महिन्यांनी एकदाच येते आणि पोचायला आठ-नऊ महिने लागतात.