हेडफोनचे ओहम आणि तुमचा अँप्लिफायर

‘अँप्लिफायर कमजोर निघाला’ अशी तक्रार आली की आम्ही ग्राहकाला आधी हेडफोन सोबत आणायला सांगतो. बऱ्याचदा अँप्लिफायर ठणठणीत असतो, दोघांची जोडी जमलेली नसते.

हेडफोनच्या खोक्यावर 32, 80, 250 किंवा 300 ओहम असं छापलेलं असतं. तो त्याचा इम्पिडन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा. आकडा मोठा म्हणजे हेडफोन भारी, असं मुळीच नाही. 1 व्होल्ट दिला तर 32 ओहमचा हेडफोन सुमारे 31 मिलिअँपिअर करंट खेचतो आणि 31 मिलिवॅट पॉवर घेतो. तेवढ्याच व्होल्टेजवर 300 ओहमच्या वाट्याला जेमतेम 3.3 मिलिवॅट येतात. मोबाइलला लावल्यावर असा हेडफोन पुटपुटतो तो यामुळे. त्याला व्होल्टेज जास्त हवं. आवाज किती मोठा येईल हे सेन्सिटिव्हिटीवरही ठरतं, म्हणजे ठरावीक पॉवरवर हेडफोन किती मोठा वाजतो त्यावर; तोही आकडा बघा.

आमच्या मते जास्त घोळ घालतो तो अँप्लिफायरचा स्वतःचा आउटपुट इम्पिडन्स, आणि नेमका तोच खोक्यावर सहसा नसतो. डायनॅमिक म्हणजे कॉइल आणि पडद्याच्या नेहमीच्या हेडफोनचा इम्पिडन्स सगळ्या सुरांना सारखा राहत नाही. समजा, 32 ओहमचा हेडफोन 100 हर्ट्झच्या आसपास 80 ओहमवर चढतो. अँप्लिफायरचा आउटपुट 1 ओहमचा असेल तर फरक 0.2 डेसिबलही पडत नाही. पण 120 ओहमचा असेल, तर तिथला आवाज साडेपाच डेसिबलने फुगतो. तुम्ही बासच्या बटणाला हातही लावलेला नसतो, तरी बास घुमतो आणि गाणाऱ्याचा आवाज त्याखाली दबतो. म्हणून आउटपुट इम्पिडन्स हेडफोनच्या एक अष्टमांशाहून जास्त नसावा. 32 ओहमला 4 ओहम, बस्स.

मल्टिमीटर असेल तर घरीच मोजा. हेडफोन काढा, 100 हर्ट्झचा टोन हळू आवाजात वाजवा आणि एका चॅनलचं एसी व्होल्टेज बघा. मग तिथेच 33 ओहमचा रेझिस्टर लावून पुन्हा बघा. 0.50 व्होल्टचे 0.40 झाले, तर आउटपुट साधारण 8 ओहमचा आहे. व्होल्टेज जेवढं कमी घसरेल तेवढं चांगलं.

आणि 300 ओहमचा हेडफोन काढून 32 ओहमचा लावताना आवाज आधी पूर्ण खाली आणा. नॉब वरच राहिला तर पहिला दणका थेट कानात बसतो.