होळकर पुलावरची गर्दी आणि डार्क मॅटरचे हेलो

परवा नाशिकच्या कॉलेज रोडला चहा पिताना मित्राने मोबाईल पुढे केला, कोणीतरी 'ऑरा स्कॅन' (अंगाभोवतीचं तेजोवलय म्हणे!) करून देतंय आणि जाहिरातीत चक्क डार्क मॅटरचे हेलो घुसवलेत. म्हणे, हेलो म्हणजे देवाच्या फोटोमागचं वलयच ना? अरे बाबा, हा हेलो अजिबात चमकत नाही! डार्क मॅटर म्हणजे न दिसणारं द्रव्य, त्याचा गुरुत्वाकर्षणाने गोळा झालेला ढीग आहे तो, आपली आख्खी आकाशगंगा अशाच एका ढिगाच्या पोटात बसलीये. स्कॅनवाल्याचे पैसे वाचव, चहाचं बिल दे.

मला खरी मजा वाटते ती हे हेलो शोधायची. २००५ च्या मिलेनियम सिम्युलेशनमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर केलेल्या विश्वाच्या नकलेत, सुमारे १००० कोटी कण होते, एकेका कणाचं वजन साधारण १२० कोटी सूर्यांएवढं. कॉम्प्युटर देतो काय, तर प्रत्येक कणाची जागा आणि वेग, बस. कुठला कण कुठल्या हेलोतला हे कोण सांगणार?

इथे कुंभमेळा आठवा. वरून ड्रोनने फोटो काढलाय, प्रत्येक माणूस म्हणजे एक ठिपका. ठरावीक अंतराच्या आत जो असेल त्याचा हात धरायचा, त्याने त्याच्या शेजाऱ्याचा, म्हणजे मित्राचा मित्र तो आपलाही मित्र, साखळी थांबली की एक गट झाला. १९८५ मध्ये खगोलशास्त्रज्ञ मार्क डेव्हिस आणि मंडळींनी हीच पद्धत सिम्युलेशनला लावली, अंतर ठेवलं कणांमधल्या सरासरी अंतराच्या ०.२ पट. मिलेनियममध्ये ते आजच्या विश्वात दोनेक लाख प्रकाशवर्षं भरतं!

पण घोळ होतो. रामकुंडावर एक गर्दी, रविवार कारंजावर दुसरी, आणि मध्ये होळकर पुलावर माणसांची बारीक रांग. झालं, दोन्ही मिळून एकच गट! हेलोंमध्येही कणांचे असे पूल असतात आणि दोन वेगळे हेलो एक म्हणून मोजले जातात.

मग वेग बघायचा. गर्दीतून सुसाट बाईक काढणारा त्या गर्दीतला नसतो, तसंच ज्या कणाची गतिज ऊर्जा गुरुत्वाच्या पकडीपेक्षा जास्त तो बाहेर, पण तो काढला की ढिगाचं वजन कमी, पकड ढिली, म्हणून हिशोब पुन्हा, परत पुन्हा, कोणीच निघेनासं होईपर्यंत. २०१३ चा रॉकस्टार नावाचा प्रोग्राम तर जागा आणि वेग मिळून सहा आकडे एकदम धरतो, त्यामुळे एकमेकांतून आरपार जाणारे दोन हेलोही सुटे दिसतात.

"मग हेलो संपतो कुठे?" मित्राने विचारलं. ठरवू तिथे! बरेच जण विश्वाच्या क्रांतिक घनतेच्या (विश्वाची भूमिती सपाट राहायला लागणारी सरासरी घनता) २०० पट सरासरी घनता भरेल एवढा गोल आखतात आणि त्याला काठ म्हणतात, खऱ्या ढिगाला रेघ कुठली.