इमारतीची पाणरेषा

११ मार्च २०११ रोजी जपानच्या फुकुशिमा दाइची अणुवीज प्रकल्पावर त्सुनामी आदळली, तेव्हा तिथले सगळेच जनरेटर बुडाले असा अनेकांचा समज आहे. प्रत्यक्षात दुसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीसाठीचे, हवेने थंड होणारे दोन जनरेटर तळमजल्यावर होते आणि ते शाबूत राहिले. बुडाले ते त्यांची वीज पुढे पोचवणारे पॅनल, कारण ते तळघरात होते. यंत्र धडधाकट, पण विजेला बाहेर पडायला वाटच नाही. सहाव्या भट्टीच्या एका जनरेटरचे पॅनलही कोरडे राहिले, आणि त्या एकाच्या जोरावर पाचवी-सहावी भट्टी वाचली.

पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०१२ मध्ये, सँडी वादळाने न्यूयॉर्कमध्ये हाच धडा वेगळ्या रूपात दिला. बेलव्ह्यू रुग्णालयाचे जनरेटर थेट तेराव्या मजल्यावर होते. त्यांना डिझेल पुरवणारे पंप मात्र तळघरात होते, आणि ते पाण्याखाली गेले. कर्मचारी आणि नॅशनल गार्डच्या जवानांनी जिन्यावरून हातोहात डिझेल वर नेले. तरीही शेवटी रुग्णालय रिकामे करावे लागले.

मॉल, रुग्णालय, हॉटेल, कार्यालयांचा टॉवर, कोणतीही व्यावसायिक इमारत घ्या. तिच्या वीज, पाणी, वातानुकूलन आणि अग्निशमन या यंत्रणांची खरी उंची त्यांच्या सगळ्यात खालच्या दुव्यावर ठरते. म्हणून पुराची तयारी यंत्रांच्या खरेदीपासून सुरू करू नये. ती एका आडव्या रेषेपासून सुरू करावी.

ही रेषा म्हणजे पाणी जिथवर येऊ शकते ती पातळी. नदीकाठच्या शहरांत जलसंपदा विभागाच्या पूररेषा असतात: निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. महत्त्वाच्या इमारतीने लाल रेषाच धरावी. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. मुंबईची गोष्ट वेगळी. तिथे नदीपेक्षा पाऊस आणि भरती यांची गाठ पडणे धोक्याचे. २६ जुलै २००५ च्या त्या २४ तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, कुलाब्याला जेमतेम ७३. तेव्हा शहराची सरासरी विचारून उपयोग नाही. आपल्याच रस्त्यावर पाणी कुठवर चढले होते ते शोधावे: शेजारच्या जुन्या भिंतीवरचा डाग, दुकानदारांची आठवण, सोसायटीने तेव्हा काढलेले फोटो. मिळालेल्या सर्वोच्च खुणेवर आणखी ३० ते ६० सेंटिमीटर धरावेत, कारण तेव्हापासून रस्ता बहुधा उंच झालेला असतो.

ही खूण इमारतीत आत आणायला महागडे उपकरण लागत नाही. गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक लेव्हल-नळी पुरते. नळीत हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही, एक टोक बाहेरच्या खुणेवर धरायचे आणि दुसरे टोक जिन्यात, शाफ्टमध्ये, रॅम्पच्या तोंडाशी नेत लाल रंगाचा पट्टा मारत जायचे. मग त्या पट्ट्याखाली काय काय आहे याची यादी करायची. तळघरातले तर सगळेच आले. पण तळमजल्यावरचा मीटर रूमचा खालचा बसबार (वीज वाटणारी धातूची पट्टी), जनरेटरच्या स्टार्टर बॅटऱ्या, फायर अलार्मच्या पॅनलची केबल-पेटी हेही पट्ट्याखाली निघाले की लोक चकित होतात.

यादी यंत्रागणिक करू नका, साखळीगणिक करा. जनरेटरची साखळी अशी: मोठी डिझेल टाकी, डिझेल चढवणारा पंप, त्या पंपाचा वीजपुरवठा, जनरेटरजवळची छोटी टाकी (डे-टँक), बॅटरी आणि तिचा चार्जर, मुख्य वीज गेल्याचे ओळखून जनरेटरला लोड देणारा एएमएफ पॅनल, आणि त्यांना जोडणाऱ्या कंट्रोल केबल. यातला एक दुवा पट्ट्याखाली असला की पूर्ण साखळी पट्ट्याखाली. दुरुस्ती बरेचदा स्वस्त असते. जनरेटर हलवायला लाखो रुपये लागतील, चार्जर भिंतीवर दीड मीटर वर न्यायला एक दुपार.

आता पाणी आत कसे येते ते पाहू. सगळ्यात मोठे दार म्हणजे वाहनांचा रॅम्प. उघड्या रॅम्पवर पडणारा पाऊस फारसा त्रास देत नाही: १०० चौरस मीटरच्या रॅम्पवर ताशी १०० मिलिमीटर पाऊस पडला तरी मिनिटाला सुमारे १६७ लिटर पाणी होते, एक साधा पंप ते उपसतो. रस्त्याचे पाणी रॅम्पच्या माथ्यावरून उलटले की हिशेबच बदलतो. ६ मीटर रुंद रॅम्पवरून फक्त १५ सेंटिमीटर उंचीचे पाणी ओसंडू लागले तर सेकंदाला जवळपास ६०० लिटर आत येते. २,००० चौरस मीटरच्या तळघरात १७ मिनिटांत फूटभर पाणी, आणि साडेतीन मीटर उंचीचे ते तळघर सव्वातीन तासांत काठोकाठ. मिनिटाला १,००० लिटर उपसणारे पंप लावायचे म्हटले तर छत्तीस लागतील, त्यांना वीज लागेल, आणि बाहेर टाकायला कोरडी जागा लागेल. म्हणून रॅम्पचे पाणी उपसण्याच्या भानगडीत न पडता ते अडवायचे.

अडवण्याचा पहिला उपाय बांधकामातला: रॅम्प खाली उतरण्याआधी रस्त्यापेक्षा ३० सेंटिमीटर उंच उंचवटा. दुसरा उपाय, अॅल्युमिनियमच्या फळ्यांचा फ्लड बॅरियर: दोन्ही बाजूंना कायमचे खाचेचे खांब, त्यात एकावर एक सरकवायच्या रबरपट्टीच्या फळ्या. याचे दोष ठरलेले आहेत. खाचेत वाळू आणि सिमेंटचे खडे साचतात, तळाची फरशी असमान असल्यामुळे खालून पाणी झिरपते, आणि फळ्या तळघराच्याच कोपऱ्यात ठेवलेल्या असतात. त्या तळमजल्यावर, खांबांपासून हाकेच्या अंतरावर ठेवाव्यात आणि मे महिन्यात रात्रपाळीच्या सुरक्षारक्षकांकडून एकदा लावून घ्याव्यात. पाणी बहुधा त्यांच्याच पाळीत येते. बॅरियरचा मजबूतपणा डोळ्यांनी जोखू नये: एक मीटर रुंदीवर एक मीटर पाणी उभे राहिले की सुमारे ५०० किलोचा जोर येतो, दोन मीटरला चौपट. साधे लाकडी दार किंवा रोलिंग शटर तिथे टिकत नाही.

रॅम्प अडवला तरी चोरवाटा उरतात. त्यातली सगळ्यात दुर्लक्षित वाट म्हणजे जमिनीखालून भिंतीतून आत येणारे केबलचे पाइप. बाहेरची केबलची चर पाण्याने भरली की प्रत्येक पाइप नळासारखा वाहतो, आणि वाहतो तो थेट वीज रूममध्ये. हे पाइप फोमने बुजवलेले दिसतात. फोम धूळ आणि उंदीर अडवतो. पाण्याच्या दाबाखाली त्याची पकड सुटते. इथे बोल्ट आवळून फुगणारे रबरी केबल सील लागतात, आणि रिकाम्या राखीव पाइपांना दोन्ही टोकांना टोपण. दुसरी वाट सांडपाण्याची: रस्त्यावरचे गटार तुंबले की पाणी उलटे फिरून तळघरातल्या फरशीवरच्या जाळीतून (फ्लोअर ट्रॅप) वर येते. बाहेर जाणाऱ्या लाइनवर पाणी परत आत येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवा, तोही उघडून साफ करता येईल अशा चेंबरमध्ये. त्याच्या झडपेत एक चिंधी अडकली तरी तो निरुपयोगी होतो.

एवढे करूनही झिरप येणारच. त्यासाठी संप, म्हणजे झिरपलेले पाणी गोळा होणारा खड्डा, आणि पंप. संपात एकाला एक राखीव असे किमान दोन सबमर्सिबल पंप, त्यांचा पॅनल पट्ट्याच्या वर आणि पुरवठा जनरेटरच्या आपत्कालीन फीडरवरून, म्हणजे वीजवाहिनीवरून. पाणी शिरू लागले की सुरक्षेसाठी वीज कंपनी परिसराचा पुरवठा बंद करते, म्हणजे केवळ मुख्य विजेवरचा पंप नेमक्या गरजेच्या घटकेला बंद पडतो. पंपाची डिलिव्हरी लाइन आधी पट्ट्याच्या वर चढवून मग खाली गटारात सोडावी आणि त्या वळणाच्या माथ्यावर हवेची झडप ठेवावी. हे वळण नसेल तर पंप थांबल्यावर गटाराचे पाणी त्याच पाइपातून परत येऊ शकते. पाण्यावर तरंगून पंप सुरू करणाऱ्या फ्लोट स्विचच्या वायरी एकमेकींत गुंतणे हे पंप न चालण्याचे नेहमीचे कारण. म्हणून दर महिन्याला नुसते बटण दाबून पंप फिरवू नका. संपात खरोखर पाणी सोडा आणि फ्लोट स्वतःहून उचलला जातो का ते पाहा.

फायर पंपापाशी मात्र आग आणि पूर यांच्या गरजा एकमेकींच्या आड येतात. पंपाला सुरू होताक्षणी पाणी मिळावे म्हणून तो भूमिगत टाकीच्या तळाच्या पातळीवर बसवतात, टाकीतले पाणी आपोआप त्याच्यात भरलेले राहते. आगीच्या दृष्टीने ही रचना बरोबर आहे. पुराच्या दृष्टीने तो इमारतीतला सगळ्यात खोल विजेचा मोटर आहे. नवीन इमारतीत व्हर्टिकल टर्बाइन पंप घ्यावा: मोटर टाकीच्या स्लॅबवर, लांब दांड्याच्या टोकाला पाणी ढकलणारे चक्र (इंपेलर) खाली पाण्यात. स्लॅबच पट्ट्याखाली असेल तर मोटर आणखी वरच्या मजल्यावर न्यावी. जुन्या इमारतीत किमान पॅनल वर न्यावा, पंप रूमला पाणीरोधक दार लावावे, आणि गच्चीवरची अग्निशमन टाकी व तिचा बूस्टर पंप हे तळाशी कसलेही नाते नसलेल्या स्वतंत्र फीडरवर ठेवावेत. पुराच्या काळात शॉर्ट सर्किटची आग लागण्याचा संभव वाढलेला असतो, तेव्हा हा खर्च टाळू नये.

डिझेलच्या टाकीचे शत्रुत्व तरंगण्याशी. बऱ्याच ठिकाणी ९९० लिटरची टाकी असते. तिचे वजन २०० किलो आणि आत १०० लिटर डिझेल धरले, तर बुडाल्यावर तिला जवळपास ७०० किलोचा जोर वर ढकलतो. ती उपटते, पाइप तुटतात आणि तळघरभर डिझेल पसरते. टाकीला फाउंडेशन बोल्ट आणि पोलादी पट्ट्यांनी बांधावे, पावसाळ्यात ती भरलेली ठेवावी आणि तिचा हवेचा पाइप लाल पट्ट्याच्या वर न्यावा. ५०० केव्हीएचा जनरेटर पाऊण लोडवर तासाला ८० लिटरच्या आसपास पितो, म्हणजे भरलेली टाकी बारा तासांची सोबत. टँकर पाण्यातून येणार नाही. तेव्हा कोणते फीडर बंद करून टाकी दोन दिवस पुरवायची, हे आधीच लिहून पॅनलवर चिकटवावे.

मग सगळेच गच्चीवर का नेऊ नये? कारण तिथे वारा आहे. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. अशा वाऱ्यात गच्चीवरचे पत्रे, सौर पॅनल आणि कूलिंग टॉवरचे भाग नुसत्या वजनावर टिकत नाहीत, त्यांना बोल्ट लागतात. शिवाय टनावारी वजन आणि वरच्या मजल्यावर डिझेल. बहुतेक इमारतींना पहिला मजला किंवा पोडियम (टॉवरखालचा रुंद, बैठा भाग) ही पॅनल आणि जनरेटरसाठी सगळ्यात समंजस जागा आहे. पार्किंगच्या दोन जागा गेल्या तरी चालतील.

लिफ्टचे एकच वाक्य: पाणी दिसताच लिफ्ट वर उभ्या कराव्यात, आणि लिफ्टच्या तळच्या खड्ड्यात (पिट) असा फ्लोट स्विच बसवावा की पाणी आल्यावर त्या तळघरात उतरूच शकणार नाहीत.

पाणी शिरलेच तर वीज तोडण्याची जागा तळमजल्याच्या वर, कोरड्या हातांनी पोचता येईल अशी हवी. वीज तुटल्याची खात्री होईपर्यंत तळघरात कुणीही उतरू नये, गाडी काढायलासुद्धा नाही. उपसायला डिझेल इंजिनचा पंप आणला तर तो उघड्यावर ठेवून फक्त सक्शन पाइप खाली सोडावा. बंद तळघरात त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड माणसे मारतो. सांडपाणी प्रक्रिया टाकीच्या खोलीत हायड्रोजन सल्फाइड साठलेला असू शकतो, तिथे वायू मोजल्याशिवाय पाऊल नको. जुन्या दगडी किंवा विटांच्या भिंतींचे तळघर एका दमात रिकामे करू नये. बाहेरची माती पाण्याने जड झालेली असते. आतला आधार अचानक गेला की भिंत आत ढासळू शकते. रोज साधारण एक तृतीयांश पाणी काढावे.

मग प्रश्न उरतो काय वाचेल याचा. बुडालेले ब्रेकर (एमसीबी, एमसीसीबी), यूपीएस, मोटरचा वेग बदलणारे व्हीएफडी ड्राइव्ह वाळवून पुन्हा वापरू नयेत. ब्रेकरच्या आतल्या स्प्रिंगवर आणि संपर्कांवर गाळ बसतो, आणि असा ब्रेकर वरून ठीक दिसत असला तरी दोष आल्यावर तुटेलच असे नाही. मोटर मात्र बहुधा वाचते. समुद्राचे पाणी लागले असेल तर आधी गोड्या पाण्याने धुवावी, कारण वाळल्यावर उरणारा मिठाचा थर हवेतली ओल शोषून वीज वाहू देतो. मग उघडून ओव्हनमध्ये ९० अंश सेल्सिअसच्या आत वाळवावी, बेअरिंग आणि ग्रीस बदलावे, आणि गार झाल्यावर ५०० व्होल्टच्या मेगरने, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या यंत्राने, मोजावी. ४१५ व्होल्टच्या मोटरला किमान ५ मेगाओहम यायला हवेत. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजल्यावर आकडा घसरला असेल तर आत ओल आहे. तिला परत ओव्हनमध्ये घालावे.

पिण्याच्या भूमिगत टाकीत पुराचे पाणी गेले असेल तर ती पूर्ण उपसून, घासून, पुन्हा भरून क्लोरिन द्यावे: लिटरला ५० मिलिग्रॅम, म्हणजे १०,००० लिटरला ३० टक्के क्षमतेची ब्लीचिंग पावडर सुमारे १.७ किलो. पावडर कोरडी टाकायची नाही. बादलीत कालवून, निवळू देऊन वरचे पाणी ओतायचे. मग प्रत्येक मजल्यावरचा नळ क्लोरिनचा वास येईपर्यंत सोडायचा, किमान चार तास थांबायचे आणि सगळे पाणी टाकून द्यायचे. पुढच्या वेळी हे टाळायचे तर त्या टाकीच्या मॅनहोलची कडा आणि ओव्हरफ्लोचे तोंड कुठे आहे ते लाल पट्ट्याशी ताडून पाहावे; बहुतेक ठिकाणी दोन्ही त्याच्या खालीच सापडतात.