उबुंटू आणि खाणपट्ट्यातील स्त्रियांचे प्रजनन आरोग्य

उबुंटू ही दक्षिण आफ्रिकेतील बांटू भाषक समाजांची समूहकेंद्री जीवनदृष्टी. ‘उमुंटू न्गुमुंटू न्गाबांटू’, म्हणजे माणसाला माणूसपण इतर माणसांमुळे येते, हे तिचे सूत्र. त्स्वाना भाषेत तिला ‘बोथो’ म्हणतात. नायजेरियाचे तत्त्वज्ञ इफेनाई मेन्किटी यांच्या मते व्यक्तित्व समाजच बहाल करतो. घानाचे क्वामे ग्येक्ये यांनी मात्र समाजाबरोबर व्यक्तीच्या हक्कांनाही जागा ठेवली. मूल हवे की नको हे कोणी ठरवायचे, असा प्रश्न आला की या वादाला धार चढते.

दक्षिण आफ्रिकेच्या १९९३च्या अंतरिम राज्यघटनेच्या समारोपात उबुंटूचा उल्लेख होता. १९९५ साली फाशीची शिक्षा रद्द करणाऱ्या निकालात न्यायमूर्ती इव्हॉन मोकगोरो यांनी त्याचा आधार घेतला. १९९६च्या राज्यघटनेत हा शब्द नाही. तिच्या कलम २७ने प्रजनन आरोग्यसेवा मिळण्याचा, तर कलम १२ने प्रजननाविषयी स्वतः निर्णय घेण्याचा हक्क दिला. त्याच वर्षीच्या कायद्यानुसार बारा आठवड्यांपर्यंतचा गर्भपात स्त्रीच्या मागणीवरून होतो. नवऱ्याची संमती लागत नाही आणि अल्पवयीन मुलीला पालकांची परवानगी नाही म्हणून परत पाठवता येत नाही. इथे कायद्याचा कल ग्येक्ये यांच्या बाजूने आहे.

नॉर्थ वेस्ट प्रांतातील रस्टेनबर्गच्या प्लॅटिनम पट्ट्यात मात्र उबुंटूच्या विचाराची खरी अडचण दिसते, कारण इथला ‘समाज’च खाणीने घडवला. लेसोथो, मोझांबिक आणि ईस्टर्न केपमधून फक्त पुरुष मजूर आणायचे, त्यांना वसतिगृहांत कोंबायचे आणि बायकामुलांना गावी ठेवायचे, अशी ही जुनी रीत. पुढे कंपन्या बाहेर राहण्याचा भत्ता देऊ लागल्या आणि मारिकानाजवळच्या न्कानेंगसारख्या पत्र्याच्या वस्त्या वाढल्या. कामाच्या शोधात आलेल्या बाईला इथे ना सासर ना माहेर. बाळंतपणात हाताशी असते ती शेजारीण. उबुंटूचा भार प्रत्यक्षात बायकांच्याच खांद्यावर पडतो, हा स्त्रीवाद्यांचा आक्षेप इथे पुरेपूर लागू पडतो.

सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला १९९४पासून मोफत उपचार मिळतात. पण दवाखान्यापर्यंतचे टॅक्सीभाडे, बुडणारा रोज आणि कागदपत्रे मागून परदेशी स्त्रियांना परत पाठवणे या गोष्टी आड येतात. त्याहून बोचरी असते ती परिचारिकेची बोलणी. गर्भनिरोधक मागणाऱ्या कोवळ्या मुलीला रांगेतल्या सगळ्यांदेखत झापले जाते. समूह आधार देतो तसा पाळतही ठेवतो. सदसद्विवेकाचे कारण सांगून अनेक कर्मचारी गर्भपाताच्या कामाला नकार देतात. मग विजेच्या खांबांवर चिकटवलेल्या ‘झटपट, वेदनारहित’ गर्भपाताच्या जाहिरातींतले फोन नंबर उपयोगी पडू लागतात. तिथून मिळणाऱ्या बेकायदा गोळ्यांनी जीव धोक्यात येतो.

लैंगिक हिंसा हा या प्रश्नाचा सर्वांत काळा भाग. ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या वैद्यकीय मदत संस्थेने २०१५मध्ये केलेल्या पाहणीत रस्टेनबर्गमधील १८ ते ४९ वयाच्या दर चार स्त्रियांपैकी एकीवर आयुष्यात कधी ना कधी बलात्कार झाल्याचे आढळले. त्यातल्या फारच थोड्या दवाखान्यात पोचल्या होत्या. ७२ तासांच्या आत औषध सुरू केले तर एचआयव्हीचा संसर्ग टाळता येतो, हे अनेकींना ठाऊकच नव्हते.

१९९०च्या दशकापर्यंत स्त्रियांना भूगर्भात काम करायला बंदी होती. आता त्या उतरतात, पण दिवस गेले की कायद्याने त्यांना धोक्याचे काम देता येत नाही. जमिनीवरची कामे मोजकी, शिवाय भूगर्भातले भत्ते बुडतात. त्यामुळे काही जणी जमेल तितके दिवस गरोदरपण लपवतात.

१६ ऑगस्ट २०१२ रोजी मारिकाना येथे पोलिसांच्या गोळीबारात लोनमिन कंपनीच्या प्लॅटिनम खाणीतले ३४ संपकरी कामगार ठार झाले. त्यानंतर वस्तीतल्या बायकांनी ‘सिखाला सोंके’, म्हणजे ‘आम्ही सोबतीने रडतो’, ही संघटना बांधली. अंत्यविधी आणि चूल सांभाळण्यातून सुरू झालेले हे काम २०१५मध्ये जागतिक बँक समूहाच्या लोकपालापर्यंत गेले. लोनमिन कंपनीला पैसा पुरवताना बँक समूहातल्या वस्तीतल्या घरांकडे, पाण्याकडे, शौचालयांकडे कोणी पाहिले का, असा तक्रारीचा रोख होता.