परीकथा अवकाशात: विज्ञानकथा कुठली, अद्भुतकथा कुठली?

सिंड्रेलाच्या हातात लेझरची बंदूक, राजवाडा मंगळावर, सावत्र आई अंतराळस्थानकाची मालकीण. किशोरवयीन वाचकांसाठी लिहिलेल्या अशा पुस्तकांवर सरसकट ‘विज्ञानकथा’ असा शिक्का बसतो. प्रत्यक्षात त्या शिक्क्याखाली दोन वेगळ्या जाती नांदतात. एकीत जुन्या गोष्टीतली जादू काढून तिच्या जागी नियमानं चालणारं काहीतरी बसवलेलं असतं. दुसरीत जादू जिथल्या तिथेच असते, फक्त तिला यंत्राचं नाव मिळालेलं असतं. पहिली विज्ञानकथा, दुसरी अवकाशातली अद्भुतकथा.

पुस्तक हातात आलं की मी आधी रात्रीचे बारा शोधते. फ्रेंच लेखक शार्ल पेरोच्या १६९७ सालच्या सिंड्रेलात बाराचा ठोका पडला की बग्गीचा भोपळा होतो आणि घोड्यांचे उंदीर. बाराच का? परी म्हणाली म्हणून. आणि सगळं पूर्ववत झालं तरी काचेचा बूट मात्र कसा टिकला? त्याचं उत्तर पेरो देत नाही, आणि परीकथा ऐकणारा ते मागतही नाही. विज्ञानकथेला ही सवलत नाही. तिथे मुदत संपायची तर आधी काहीतरी संपावं लागतं: बॅटरी, परवाना, औषधाचा अंमल. मग बॅटरी कुणी दिली, तिचे पैसे कुणी भरले, हे प्रश्न आलेच, आणि त्यांची उत्तरं देता देता गोष्ट नव्या वाटेला लागते.

मारिसा मायरच्या ‘सिंडर’ (२०१२) या कादंबरीत हे चांगलं दिसतं. भविष्यातल्या न्यू बीजिंगमध्ये राहणारी नायिका मेकॅनिक आहे आणि सायबॉर्ग आहे, म्हणजे तिच्या शरीराचा काही भाग यांत्रिक आहे. राजवाड्याच्या पायऱ्यांवर तिचा बूट निसटत नाही, यांत्रिक पाऊलच निखळतं, कारण ते तिच्या लहानपणचं आहे आणि आता तिला पुरत नाही. बूट मागे का राहिला याला इथे कारण मिळालं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मूळ कथेतली मुलगी सावत्र आईचा छळ मुकाट्यानं का सोसते, हे कोडंही सुटलं. त्या जगात सायबॉर्ग दुय्यम दर्जाचे. कायद्यानं त्यांच्यावर ताबा पालकाचा, आणि साथीवर औषध शोधण्याच्या प्रयोगांसाठी त्यांनाच पकडून नेलं जातं. पळून जायचं तर जाणार कुठे?

झोपलेल्या राजकन्येच्या गोष्टीत तर गंमतच आहे. शंभर वर्षांची झोप म्हटली की शीतपेटी आणि गोठवलेलं शरीर हे ठरलेलंच. पण पेटी आणली म्हणून विज्ञानकथा होत नाही. बाहेर शंभर वर्षं गेली, त्यांचं काय? जर्मन लोककथा गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंनी (१८१२) हा प्रश्न टाळला. त्यांच्याकडे राजा-राणी, घोडे, भिंतीवरच्या माश्या, सगळेच झोपतात. आचारी पोऱ्याला मारायला निघालेला असतो, तो झोपतो आणि उठल्यावर ठेवून देतो. पेरोकडे मात्र राजा-राणी जागेच राहतात आणि राजवाडा सोडून निघून जातात. राजकन्या जागी होते तेव्हा गादीवर दुसरंच घराणं असतं, जेवताना वाजणारं संगीत शंभर वर्षांपूर्वीचं असतं आणि तिचे कपडे आजीच्या काळातले आहेत हे राजपुत्र जाणूनबुजून बोलत नाही. अंतराळयानं उडवणाऱ्या कित्येक आवृत्त्यांपेक्षा हा सतराव्या शतकातला फ्रेंच माणूस विज्ञानकथेच्या जवळ आहे, असं मला वाटतं.

म्हणून अवकाशातली अद्भुतकथा कमअस्सल ठरते असं नाही. तिला वेग असतो, देखणेपण असतं, आणि शाप हा शापच राहिल्यामुळे त्याची भीतीही शाबूत राहते. हिमगौरीच्या आरशाच्या जागी बोलणारा संगणक ठेवून लेखिका पुढे गेली, तर खुशाल जाऊ द्यावं. विज्ञानकथा असती तर तो सौंदर्य कशावरून मोजतो आणि मालकिणीला बरं वाटेल असं खोटं का बोलत नाही, हे आपण विचारलं असतं.

दोन्ही जातींत सारखं असतं ते नायिकेचं वय. तिथे मूळ कथांनीच सोय करून ठेवली आहे: ग्रिम यांच्याकडे झोपणाऱ्या राजकन्येला चातीचं टोक टोचतं ते पंधराव्या वर्षी. हिमगौरी मात्र राणीहून सुंदर ठरते तेव्हा अवघी सात वर्षांची असते, त्यामुळे तिचं वय हटकून वाढवावं लागतं.

सीमारेषेवरची पुस्तकंही पुष्कळ. खुद्द ‘सिंडर’मध्येच चंद्रावरचे लोक दुसऱ्याच्या मनाचा ताबा घेतात, हवं ते रूप दाखवतात, आणि त्याचं कारण म्हणून जैवविद्युत, म्हणजे सजीवांच्या शरीरातली वीज, पुढे केली जाते. पावलाचा हिशेब चोख मांडणारं हे पुस्तक इथे सरळ दुसऱ्या जातीत शिरतं. चंद्रावरच्या राणीची ती जैवविद्युत म्हणजे चेटकिणीची मोहिनीच आहे. मला ती प्रकरणं आवडली, पण विज्ञानकथा म्हणून नव्हे.